दुसऱ्या क्रमांकाचा डावखुरा

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोन डावखुऱ्या पिचरांची तुलना करायचं काम आलं. मी स्कारबरोत राहते आणि टोरंटोतल्या एका छोट्या कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. सीमेपलीकडचा एक बेसबॉल क्लब तेव्हा आमचा क्लायंट होता. नागपुरात क्रिकेट बघत वाढलेल्या मला हा खेळ इथे येऊन, आणि तोही आधी आकड्यांमधून, समजला. टीव्हीवर दिसतो तो मोठा संघ सगळ्यात वर असतो. त्याच्याखाली लहान लहान गावांमध्ये त्याच क्लबचे चार-पाच संघ असतात, एकाखाली एक. त्याला फार्म सिस्टिम म्हणतात. विशी-बाविशीची मुलं तिथे खेळतात आणि वरच्या पायरीवर कधी बोलावणं येतंय याची वाट बघतात. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि डावखुऱ्या पिचरावर सगळ्यांचाच डोळा असतो, कारण ते मुळात कमी असतात.

त्या वेळी वरच्या संघात एक जागा रिकामी होणार होती. खाली डावखुरे दोन होते.

एक कॅनडातल्याच रेजिना शहराजवळच्या गावातला, उंच, हडकुळा, मितभाषी. दुसरा कॅरिबियन बेटांवरून सोळाव्या वर्षी आलेला, ठेंगणा, रुंद खांद्यांचा, इंग्रजी जेमतेम पण सगळ्यांशी हसून बोलणारा. उंच मुलाचा चेंडू वेगवान होता आणि शेवटच्या क्षणी आत वळायचा. ठेंगण्याचा वेग कमी, पण तो चेंडू हवा तिथे ठेवायचा. पहिल्या आठवड्यात मी जो मसुदा लिहिला त्यात उंच मुलगा पहिला होता, आणि फरक थोडाथोडका नव्हता.

जुलैमध्ये माझे साहेब म्हणाले, एकदा जाऊन ये, मुलांना त्यांचे व्हिडिओ दाखव, म्हणजे आपण नुसते स्क्रीनमागचे लोक वाटणार नाही. साहेब स्वतः कधीकाळी पिचर होते. मी गाडी काढली आणि चार तासांनी ते दोघं खेळायचे त्या गावात पोचले. मैदानाच्या दारात वहीत सही करत होते तेव्हा मागून आवाज आला, "तुम्हीपण डाव्या हाताच्या!" तो उंच मुलगा होता. नंतर दिवसभर तो माझ्याशी इतरांपेक्षा मोकळेपणाने बोलत राहिला.

दुपारी मी त्याला त्याचा व्हिडिओ दाखवला. सुरुवातीच्या इनिंगमध्ये (एका मॅचमध्ये अशा नऊ छोट्या पाळ्या असतात) त्याचा हात उंच असायचा. पाचव्या इनिंगपर्यंत तो बोटभर खाली यायचा आणि चेंडू वळेनासा व्हायचा. मी सहज विचारलं, "इथे दमतोस का तू?"

बाकीची मुलं जेवायला गेली तरी हा बसून राहिला. मग म्हणाला, "मॅम, दमत नाही. कोपर दुखतं. आतल्या बाजूने. मेपासून."

"कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला. आत्ता." त्याने दाराकडे बघितलं. "सकाळी कॉफीचा मग या हाताने उचलता येत नाही. पण एकदा टाकायला लागलो की बरं वाटतं. प्लीज, हे रिपोर्टमध्ये घालू नका. दोन आठवड्यांत निर्णय होणार. सीझन संपला की मी डॉक्टरकडे जाणारच आहे."

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण मला माझा कॅनडातला पहिला हिवाळा आठवला. नोकरी नवी, प्रोबेशन चालू, आणि बस स्टॉपवर बर्फावरून घसरून माझं डावं मनगट मोडलं होतं. क्लिनिकमधून प्लास्टर घालून मी त्याच दुपारी ऑफिसात गेले, सगळ्यांना म्हटलं, काही नाही, जरासं मुरगळलंय. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत महिना काढला. ते मनगट अजून जरा वाकडंच आहे. त्या मुलाकडे बघताना मला वाटलं, याचं मला समजतंय, याला दगा द्यायचा नाही.

"मी ते लिहिणार नाही," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर मला धड गाडी चालवता येईना. त्याला वर पाठवा असं लिहिलं तर तो तिथे आणखी जोरात टाकणार आणि कोपर जाणार. खरं लिहिलं तर दिलेला शब्द मोडणार. मग मला एक युक्ती सुचली आणि तेव्हा ती फार शहाणपणाची वाटली. त्याला दुसऱ्या क्रमांकावर टाकायचं. तो खालीच राहील, दडपण कमी होईल, सीझन संपेल, तो डॉक्टरकडे जाईल. कोणाला काही कळायचं कारण नाही.

मी अहवाल पुन्हा लिहिला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त वेगाचं आणि वळणाचं पान मागे गेलं आणि सातत्याचं पान पुढे आलं. ठेंगणा मुलगा पहिला झाला. साहेबांनी वाचून भुवया उंचावल्या. "मागच्या आठवड्यात तू उलटं म्हणत होतीस."

"प्रत्यक्ष बघितल्यावर मत बदललं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि अहवाल पाठवून दिला.

घरी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तोही नागपूरचाच. तो म्हणाला, "अगं, पण तू त्याला सांगितलंस का, की तुला मुद्दाम मागे ठेवलंय म्हणून?"

"नाही. ते कसं सांगणार?"

"मग त्याला काय समजणार? तो तर म्हणेल, मी कमी पडून राहिलो."

मी त्याला म्हटलं, तुला बेसबॉलमधलं काय कळतं. चुकीचं काहीच बोलला नव्हता तो.

अहवाल गोपनीय असतो असं मी धरून चालले होते. पण तिथल्या प्रशिक्षकाने तो त्या उंच मुलाला दाखवला. हेतू चांगलाच होता. तू दुसरा आहेस, अजून आठवडा आहे, काय ते दाखव, असं म्हणाला. हे मला नंतर कळलं.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि ओट्यावर लॅपटॉपवर त्यांची मॅच चालू होती. तो टाकत होता. मी त्याला इतका जोरात टाकताना कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्या तीन इनिंगमध्ये कोणाला चेंडू नीट मारता आला नाही, समालोचक त्याचं कौतुक करत होता. मला मात्र त्याचा हात दिसत होता. तो पाचव्या नाही, तिसऱ्याच इनिंगला खाली आला होता. मी सुरी ठेवून फोन हातात घेतला. कोणाला करायचा? प्रशिक्षकाचा नंबर माझ्याकडे नव्हता. साहेबांचा होता. साहेबांना लावला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी फोन हातात धरून उभी राहिले.

चौथ्या इनिंगमध्ये एक चेंडू त्याच्या हातातून सुटून भलतीकडेच गेला. तो ओरडला नाही. त्याने डावा हात पोटाशी धरला, उजव्या हाताने कोपर सांभाळलं आणि कोणाकडेही न बघता चालत बाहेर गेला. कॅमेऱ्याने त्याला थोडा वेळ दाखवलं, मग जाहिरात लागली.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं. मुलगा काय बोलला होता, मी काय शब्द दिला होता, अहवाल का बदलला होता. मग त्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला लांबलचक जुना व्रण होता.

"तू मला सांगितलं असतंस तर त्याला दोन महिने विश्रांती मिळाली असती. कदाचित एवढ्यावर भागलं असतं, कदाचित नसतं. तो वर्षभर तुझ्यावर चिडला असता. बस, इतकंच."

"मला त्याला वाचवायचं होतं."

"वाचवायचं होतं, की त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं?"

त्यांनी मला काढलं नाही, क्लबला फोन करून जे सांगायचं ते स्वतः सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

लिगामेंट पूर्ण फाटलं होतं. ऑगस्टमध्ये सर्जरी झाली आणि तो घरी परतला. ठेंगणा मुलगा वरच्या संघात गेला. जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझे आभार मानले. त्याची आईसुद्धा मागे उभी राहून हात हलवत होती. मीही हसून हात हलवला.

जानेवारीत मी रेजिनाचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "फोनवर सांग ना." मी म्हटलं, नाही, इतकं तरी समोर जाऊन करू दे.

तो एका टायरच्या दुकानात काउंटरवर काम करत होता. बाहेर इतकी थंडी होती की गाडीतून दुकानापर्यंत चालताना पापण्या चिकटल्या. मला बघून त्याला आनंद झाला, हेच सगळ्यात अवघड होतं. त्याने कॉफी आणून दिली, कोपर वाकवून दाखवलं, आता हळूहळू चेंडू फेकायला सुरुवात करणार म्हणाला. मी त्याला मधेच थांबवलं आणि सांगितलं. तू दुसरा नव्हतास. मी तुला दुसरा केलं.

तो काउंटरवरच्या पावतीच्या पुस्तकाकडे बघत राहिला.

"म्हणजे मी पुढे होतो?"

"हो."

"किती?"

"बराच."

"पहिल्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं? नेमकं?"

मला तो मसुदा तोंडपाठ होता. मी एकेक वाक्य सांगत गेले. चेंडू सुटताना दिसत नाही, शेवटी आत वळतो, या वयाच्या डावखुऱ्यांमध्ये असं क्वचित बघायला मिळतं, याला थांबवून ठेवू नये. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "मला वाटलं, मी तेवढा चांगला नाहीये. म्हणून मी जीव तोडून टाकलं."

"माहीत आहे."

"तेव्हा सांगायला हवं होतंत, मॅम."

"हो."

तेवढ्यात एक बाई विंटर टायर्सबद्दल विचारायला आत आल्या. तो बाहीने डोळे पुसून त्यांच्याकडे वळला. मी थोडा वेळ थांबले. तो मागच्या खोलीत गेला तो लवकर बाहेर आला नाही, म्हणून मी निघाले. त्याने मला माफ केलं की नाही, हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

मागच्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं. ठेंगणा मुलगा आणखी एक पायरी वर चढला आहे. चांगला टाकतो. त्याचा यात काहीच दोष नाही, तरी त्याचे आकडे स्क्रीनवर आले की मी ते सहकाऱ्याकडे सरकवते. आमच्या अहवालात आता दुखण्याखुपण्यासाठी वेगळा रकाना आहे. तो मीच हट्टाने घालून घेतला. मुलांशी बोलायला गेले की आधीच सांगते, मला जे सांगाल ते मी लिहीन. काही जण मग बोलतच नाहीत.

या जूनमध्ये रेजिनाहून मेसेज आला. तो तिथल्या हौशी संघात टाकायला लागला होता. "तीन इनिंग टाकल्या. काही दुखलं नाही."

मी लिहिलं, "खरंच?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "थोडं दुखलं. डॉक्टरांना सांगितलंय."