जोगेश्वरी ते मुलुंड, एका जर्मन माहेरवाशिणीसोबत

शनिवारी संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता आईने जाहीर केलं, की उद्या सकाळी गाडी मुलुंडला न्यायची आणि ती मी चालवायची. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. साल १९८७, मी तेवीस वर्षांची, हातात चार महिन्यांपूर्वीचं लायसन्स आणि अनुभव म्हणाल तर ड्रायव्हिंग स्कूलच्या खटाऱ्याचा. आणि ही गाडी होती जर्मन, साठच्या दशकातली, डिझेलवरची, बॉनेटच्या टोकाला तीन पाकळ्यांचा तारा मिरवणारी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, तारा म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

गाडी अर्थातच आमची नव्हती. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. वडील, म्हणजे अप्पा परब, गिरणीत बावीस वर्षं फिटर होते. संपात गिरणी गेली ती गेलीच. मग ते गुंफांकडच्या रस्त्यावर उस्मानभाईंच्या गॅरेजमध्ये मिळेल ते काम करायला लागले. ही गाडी तिथे कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. तिचे मालक मुलुंडचे एक डॉक्टर होते. ते वारले, आणि त्यांचा मुलगा ती भंगारात काढायला निघाला. डॉक्टरीणबाईंचा जीव मात्र तिच्यात अडकलेला. त्यांनी अप्पांना सांगितलं, की अमुक रविवारी अकराच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आली तर मी ती ठेवीन, आणि तिच्यासोबत तुम्हालाही. म्हणजे गाडी सांभाळायची, चालवायची, पगारी नोकरी. नाहीतर भंगारवाला अकराला येणारच होता.

अप्पांनी सात महिने खपून इंजिन चालू केलं. इथेच खरी अडचण सुरू झाली. गाडी चालत होती, पण अप्पा ती रस्त्यावर काढत नव्हते. म्हणे आतून एक बारीक टक येतोय. तो टक उस्मानभाईंना ऐकू येईना, मला येईना. अप्पा पुन्हा सगळं खोलायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा टक. गिरणी गेल्यापासून त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला होता, आणि ते बघताना मला फार राग यायचा. त्यांचा नव्हे, कोणाचा ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

मला ही गाडी चालवता येईल असं आईला का वाटलं, तर तिचं माहितीपुस्तक मीच मराठीत उतरवलं होतं. अंधेरीच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं इंग्रजीतून दोनशे पानी वहीत लिहायची, संध्याकाळी अप्पांना वाचून दाखवायची. त्याबरोबर डॉक्टरांनी जर्मनीहून आणलेलं कंपनीच्या इतिहासाचं एक चोपडंही होतं. ते तर आमच्या घरात जेवताना पारायण केल्यासारखं वाचलं गेलं. तारा म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आमचीच इंजिनं चालावीत ही इच्छा. नाव आलं ते एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या मुलीचं. एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन कारखाने पुढे एक झाले, त्यातून ही कंपनी उभी राहिली. अप्पांना सगळ्यात आवडायचं ते आमच्या गाडीच्या पिढीपासून आलेलं तंत्र. धडक बसली तर गाडीचं पुढचं अंग स्वतः चुरगळतं आणि आतल्या माणसाला राखतं. अप्पा म्हणायचे, "माणूस चुकणार हे धरून बांधलीय. आपल्याकडे चुकलास की गेलास."

आईला मात्र एकच गोष्ट आवडायची. मोटार शोधून काढणाऱ्या त्या पहिल्या जर्मन माणसाच्या यंत्रावर लोकांचा विश्वास नव्हता, आणि तोही हातपाय गाळून बसला होता. तेव्हा त्याची बायको एका पहाटे दोन मुलांना घेऊन, त्याला न विचारता, ती तीनचाकी हाकत शंभर किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी गेली. तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून कपडे साफ करायचं द्रावण घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आई हे दर वेळी नव्याने ऐकायची आणि म्हणायची, बाई हुशार होती, माहेरचं निमित्त काढलंन.

मुदतीच्या रविवारी अप्पा साडेसहालाच निघाले. लालबागला गावकीची मीटिंग आहे म्हणाले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आईने तांदळाच्या डब्यातून गाडीची दुसरी किल्ली काढली होती. गाडीचे कागद बाईंनी चालू ठेवले होते, तेवढा एक जाच नव्हता. उस्मानभाईंनी विचारलं, परबला ठाऊक आहे का? आई म्हणाली आहे, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

निघण्याआधी आईने गाडीची ओटी भरली. तिचं म्हणणं सरळ होतं, की गाडी मुलुंडला चाललीय म्हणजे आपल्या घरी चाललीय, आणि माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत. ओटी भरायची कुठे, तर समोर ती उंच चकचकीत जाळी. तिथे तिने हिरवा खण चारी बाजूंनी ताणून सुतळीने बांधला, त्यात तांदूळ आणि नारळ खोचले आणि वरून झेंडूच्या तीन जाड माळा आडव्या लावल्या. मग पदर खोचून चक्क गाऱ्हाणं घातलं, जे आमच्याकडे पुरुष घालतात.

"बा देवा म्हाराजा, ही लेक म्हायेराक चल्ली हा. वाटेत जी काय इडापिडा आसात ती भायर सार रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझ्या मागून उस्मानभाईही म्हणाले.

या जुन्या डिझेल गाड्या नुसती किल्ली फिरवून सुरू होत नाहीत. एक दांडी अर्धी ओढून धरायची, समोरच्या फळीवरची बारीक तार लाल होईपर्यंत थांबायचं, मग दांडी पूर्ण ओढायची. आई तार लाल होईपर्यंत हात जोडून बसली होती. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. वेगाचा काटा गोल नव्हताच, थर्मामीटरसारखा उभा रंगीत पट्टा होता. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मी भित्री आहे, फक्त हट्टी जास्त आहे.

रस्ता सांगते, कारण तेव्हा आजचा पूर्व-पश्चिम जोडरस्ता नव्हता. जोगेश्वरीहून हायवेने अंधेरी, तिथून कुर्ल्याच्या रस्त्याने मरोळ, साकीनाका, मग डावीकडे वळून पवई, तलावाच्या काठाने गांधीनगर, आणि तिथून भांडुपवरून मुलुंड. जेमतेम अठरा किलोमीटर. रविवारी सातला निघालात तर आजही मजेत होईल, नंतर निघालात तर देव तुमचं भलं करो. साकीनाक्याला डिझेल भरलं. पंपावरचा माणूस आधी मागच्या सीटवर शेठ शोधत होता. शेठ नाही आणि चालवणारी मीच, हे पटायला त्याला वेळ लागला. आईने त्याला काच पुसायला लावली. कोपऱ्यावर उसळपाव खाल्ला, दोघींचा मिळून पाच रुपयांच्या आत, आणि तिखट असा की मरगळ पळाली.

पवईचा चढ लागला आणि उष्णतेचा काटा वर सरकू लागला. तलाव दिसेपर्यंत तो लाल रेघेला टेकला होता. गाडी कडेला घेतली, बंद केली. पुढून वाफेचा वास येत होता. साडेनऊ वाजून गेले होते. आई म्हणाली, पाणी घाल. मी म्हटलं, तापलेलं झाकण उघडलं तर तोंड भाजेल, वहीत लिहिलंय. खरं तर मी रडायच्या बेतात होते. अप्पांचा टक खरा असेल, आणि सात महिन्यांची मेहनत मी एका सकाळी जाळून टाकली असेल, हे एवढंच डोक्यात फिरत होतं.

काठावर गळ टाकून एक गृहस्थ बसले होते. उठून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झकास गाडी आहे. पण हिला साडी का नेसवलीय?"

मी समोर जाऊन बघितलं. खण, नारळ, तांदूळ आणि झेंडूच्या तीन माळा. त्या जाळीतून वारा जायला बोटभर फट नव्हती. 'जाळी नेहमी मोकळी ठेवावी, इंजिन तेथून श्वास घेते' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं. पण ओटी भरली जात असताना ते मला आठवलंही नाही, कारण ओटी भरताना कोणी इंजिनाचा विचार करत नाही. मी सुतळीला हात घातला, तर आई आडवी आली. भरलेली ओटी घर यायच्या आधी काढायची नाही. अशुभ असतं.

मी वैतागून म्हटलं, "आये, ओटी ऱ्हवली तर गाडी ऱ्हवाची नाय."

ती बाजूला झाली. मग स्वतःच गाठी सोडल्या, एक तांदूळ खाली पडू न देता सगळं आपल्या पदरात घेतलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडीची ओटी तिच्या वतीने मी सांभाळतेय, एवढंच म्हणाली. त्या गृहस्थांनी डबा भरून पाणी आणून दिलं. अर्धा तास थांबलो, फडक्याने झाकण हळूहळू सोडवलं, पाणी भरलं. तार लाल होईपर्यंत या वेळी हात मी जोडले. गाडी सुरू झाली आणि काटा मधोमध येऊन गप्प बसला.

भांडुपला एका लग्नाच्या वरातीमागे अडकलो. बँडवाल्यांना वाटलं नवरीची गाडी आली, त्यांनी आम्हालाच वाट करून दिली. आईच्या पदरात नारळ बघून तर त्यांची खात्रीच पटली असणार. अकराला दहा मिनिटं कमी असताना मुलुंडच्या त्या बंगल्याच्या फाटकात शिरलो.

आणि पायऱ्यांवर अप्पा उभे होते.

हातात गाडीची पहिली किल्ली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारी डॉक्टरांचा मुलगा. लालबागची मीटिंग वगैरे काही नव्हती. ते जमणार नाही असं सांगून किल्ली परत करायला आले होते. बाईंची रविवारची लांबलचक पूजा चालली होती, म्हणून दोन-अडीच तास पायरीवर खोळंबले होते. गाडी दिसायच्या आधी आवाजच त्यांनी ओळखला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी इंजिन बंद करणार तोच त्यांनी हात वर केला. जवळ आले, बॉनेट उघडलं आणि कान लावून कितीतरी वेळ वाकून राहिले.

"टक येता काय गो?" त्यांनी मला विचारलं.

"नाय अप्पा."

"नाय," ते म्हणाले. पुन्हा ऐकलं. "नायच येत."

मुलगा म्हणाला, अट परबांनी गाडी आणायची अशी होती. तोवर बाई बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "अट चाकांची होती. चाकं आलीत." मग दार उघडून मागे बसल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "परब, चला, एक चक्कर मारून आणा."

अप्पांनी तळहात दोनदा रुमालाला पुसले, मग स्टिअरिंग धरलं. फाटकातून त्यांनी गाडी अशी काढली की पाचोळाही हलला नाही. आईने ओटी बाईंच्या देवघरात नेऊन ठेवली. अप्पा परत आले तेव्हा भंगारवाला येऊन चहा पीत बसला होता. बिचाऱ्याला चहाच मिळाला.

परत आम्ही तिघं बसने आलो, घाटकोपरला बदलून. घरी आल्यावर आईने पिठलं टाकलं, आणि पहिल्या घासाला अप्पा खाली बघून बोलले. आज मी मीटिंगला गेलो नव्हतो, म्हणाले. बाईंना नाही म्हणायला गेलो होतो.

"माका म्हायत होता," आई म्हणाली. "गावकीक जाताना तुमी इस्त्रीचो शर्ट कधी घातलास? म्हणानच सकाळी घाय केली. तुमी नाय म्हणायच्या आधी पोचाक व्हया होता."

अप्पा ताटाकडेच बघत होते. "आणि वाटेत बंद पडली असती तर?"

"ढकलूक चार माणसा गावली असती," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "तुमका कोण ढकलतलो?"