नाव सांगा, मग तक्रार

डामरखेडं मागे पडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. महाशिवरात्र, दोघींना उपास, आणि केदारेश्वराचं प्रकाशा गाव अजून दीड कोस. धनुबाई पुढे, निर्मलाबाई मागे. धनुबाईच्या डोक्यावर बेलाची टोपली होती आणि पायात काही नव्हतं. घरधन्याचा ताप उतरला तर शिवरात्रीला अनवाणी येईन, असा नवस ती केदारेश्वराला बोलली होती. निर्मलाबाई करजवदच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीण. त्यांचा नवसबिवस काही नव्हता. धनुबाईला सोबत म्हणून निघाले, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. खरं म्हणजे महिनाभर संध्याकाळी दिवा लावताना त्यांचं मन देवापुढे ठरत नव्हतं, आणि ते का ठरत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मागून घुंगरं वाजली. नवल पाटलाची दमणी आली, बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. आत नवल पाटील, म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांच्या शेजारी सेक्रेटरी गिरधरभाऊ. देवाला जातानाही गिरधरभाऊंनी कानावरची लेखणी काढून ठेवलेली नव्हती.

"मास्तरीणबाई, बसा ना दमनीमा. जागा शे," गिरधरभाऊ म्हणाले.

"आणि धनुबाई?"

"वहिनीले नवस शे. तिले पायीच जानं पडी."

"मग मीही चालते."

दमणी निघून गेली आणि धुरळा दोघींच्या तोंडावर ठेवून गेली. धनुबाईने पदराने तोंड पुसलं, रस्त्याच्या कडेला थुंकली आणि म्हणाली, "देवना दारमा बी पहिला नंबर यास्नाच. देखा तुम्ही, तठे बी वही टांगी देतीन. महादेवले सुद्धा ईचारतीन, सभासदनं नाव काय?"

निर्मलाबाईंना हसू आलं आणि हसता हसताच तोंड कडू झालं.

त्या वहीची गोष्ट अशी.

लढाईच्या दिवसांत कंट्रोल आला, धान्य-साखर-राकेल सगळं मापून मिळायला लागलं, तेव्हा करजवदला सोसायटीचं दुकान निघालं. पहिल्या दिवशी नवल पाटलांनी मारुतीच्या पारावर भाषण केलं, की हे दुकान कोणा शेठचं नाही, गावाचं आहे, तुम्हीच मालक. गावाने टाळ्या वाजवल्या. गावाचं दुकान म्हणजे नेमकं कोणाचं, हे मग हळूहळू कळत गेलं. पोती आली की चांगली जवारी मागच्या दाराने पंचांच्या घरी जायची. पोत्यांच्या तळाशी उरलेलं आणि जमिनीवरून झाडलेलं पुढच्या दाराने मालकांना मिळायचं.

रेशन आणायला जायच्या बाया. पुरुष जात नसत. चार शेर दाण्यासाठी फळीसमोर उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि भाऊबंदाच्या दुकानात तोंड वाजवणं त्याहून कमीपणाचं. म्हणून प्रश्न विचारायच्या त्या बायाच, आणि गिरधरभाऊ लेखणी कानात घोळवत उत्तरं द्यायचे.

"भाऊ, जवारीले वास का येस?"

"सरकारी जवारी शे. दूरथीन येस. वाटना वास लागस."

"राकेल कमी भरस."

"उन्हाळामा उडी जास."

"आते ते हिवाळा शे."

"हिवाळामा गोठस."

असं उत्तर देऊन गिरधरभाऊ आजूबाजूला बघायचे, कोणी हसतंय का म्हणून. फळीपाशी तंबाखू मळत बसलेले दोनचार रिकामे लोक हसायचेच. आपण फार हजरजबाबी आहोत, अशी गिरधरभाऊंची समजूत व्हायला तेवढं पुरेसं होतं.

मग धुळ्याहून सहकारी खात्याचे साहेब आले. गावकऱ्यांसाठी सूचना आणि तक्रारींची वही ठेवा, असं सांगून गेले. गिरधरभाऊंनी ठेवली. लाल कापडाची बांधणी, सुतळीला अडकवून खिळ्याला टांगलेली, दिवाळीला तिला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. शेजारी पाटी लावली: 'सभासदाचे नाव सांगितल्याशिवाय तक्रार नोंदवली जाणार नाही. तक्रार करणाराने नाव स्वतःच्या तोंडाने सांगावे.'

वाचायला साधी पाटी. पण सोसायटीचे सभासद होते एक सोडून सगळे पुरुष, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायका. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे त्या मुलुखातल्या प्रत्येक बाईला न्हाणं येण्याआधीपासून शिकवलेलं. गिरधरभाऊंना हे ठाऊक नव्हतं असं म्हणावं, तर त्यांची स्वतःची बायको त्यांना 'अहो'सुद्धा म्हणत नव्हती, नुसती बांगड्या वाजवायची. तरी बाई तक्रार घेऊन आली की ते वही काढायचे, पान उघडायचे, लेखणी बुडवायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "सांगा, सभासदनं नाव?" बाई तोंडाला पदर लावायची. शेजारीण मध्ये पडून नाव सांगायला गेली तर पाटीकडे बोट, स्वतःच्या तोंडाने. बाई धान्य उचलून घरी जायची. गिरधरभाऊ वही मिटून पुन्हा खिळ्याला लावायचे.

चौदा महिने वही कोरी राहिली. साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी सगळी पानं उलटून बघितली आणि शेरा दिला की असा समाधानी गाव जिल्ह्यात दुसरा नाही. नवल पाटलांना हार घातला गेला. अहवाल लिहून पाठवायचा होता. गिरधरभाऊंचं अक्षर म्हणजे शाईत बुडून चाललेली मुंगी, म्हणून तो निर्मलाबाईंकडे आला. 'वर्षभरात एकही तक्रार नाही,' हे वाक्य त्यांनी बोरूने, काना-मात्रा सांभाळून, ठळक लिहिलं. त्या पगारदार, स्वतःच्या नावाने सभासद, सगळ्या यादीत एकटी बाई. त्यांच्या घरी जवारी निवडून यायची. खडा नाही, वास नाही. शाळेला खोलीही सोसायटीनेच दिलेली. त्यांनी जास्त विचार केला नाही. विचार करायला बसलं की काय दिसेल, हे माहीत असलेला माणूस बसतच नाही.

त्यानंतरच्या आश्विनात धनुबाईचा घरधनी सुपडू, गिरधरभाऊंचा भिंतीला भिंत लागलेला भाऊबंद, तापाने पडला. महिनाभर अंगातून ताप हटेना. तीन बिघ्यांची कपाशी झाडावर उभी राहिली. ताप उतरल्यावर वैद्याने सांगितलं की आता जवारीची पातळ पेज, दुसरं काही नाही, आणि दाणा चांगला पाहिजे. सोसायटीच्या कुबट जवारीची पेज पोटात गेली की सुपडूला कळा यायच्या, होतं तेवढं सगळं बाहेर पडायचं. माणसाची पार काडी झाली. धनुबाई दाणा दाणा निवडायची, धुवायची, उन्हात घालायची. वास जाईना. बाहेर काळ्या बाजारात घ्यावी तर तिप्पट भाव.

नाव घेतलं तर तो मरणार, नाही घेतलं तर तो मरणार. धनुबाईने दोन रात्री यावर काढल्या आणि तिसऱ्या दिवशी रेशनच्या वेळेला दुकानात आली. निर्मलाबाई त्या दिवशी साखर घ्यायला तिथे होत्या. फळीसमोर वीसेक बाया. धनुबाईने फडक्यात बांधलेली जवारी फळीवर ओतली. खडे वेगळे वाजले.

गिरधरभाऊंनी वही काढली. "सांगा वहिनी. सभासदनं नाव?"

"तुले माहीत नही?"

"माले माहीत शे. वहीले माहीत नही."

रिकामे लोक हसले.

"रोज सकाळे भितडावरथीन 'दादा, तंबाखू दे' करी कोन वरडस रे? तवय बरं नाव याद ऱ्हास!"

"ते घरनं. हाई सोसायटीनं काम शे. नाव सांगा, नही ते बाजूले व्हा."

धनुबाई बाजूला झाली नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, लग्नात वरमाईसमोर उभी राहावी तशी ताठ उभी राहिली, आणि गिरधरभाऊंकडे न बघता बायांकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"पाच शेर जवारीमा सव्वा शेर खडा,
सुपडूरावनं नाव लेस, आते वही काढा!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागून जसोदाबाई अशी हसली की तिच्या हातातला राकेलचा डबा जमिनीवर आपटला. उखाण्यात नाव घेतलं तर कोणाचं आयुष्य घटत नाही. लग्नात घेतात, मंगळागौरीत घेतात, डोहाळजेवणात घेतात. सोसायटीच्या फळीसमोर घेऊ नये, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

गिरधरभाऊ लाल झाले. "उखानामा तक्रार चालत नही."

"तशे कोठे लिखेल शे? मास्तरीणबाई, वाचा वं तेवढी पाटी."

निर्मलाबाईंनी वाचली. शब्द न् शब्द, मोठ्याने.

"आते सांगा, मी नाव सांगं का नही सांगं? मन्हाच तोंडघाई सांगं का नही?"

"सांगितलं," निर्मलाबाई म्हणाल्या.

गिरधरभाऊंनी लेखणी बुडवली. लिहितायत तोवर जसोदाबाई पुढे सरकली, कंबरेवर हात ठेवून:

"सोसायटीनं दुकान जसं देवनं मंदीर,
रायसिंगजीनं नाव लेस, तेलमा निंघना उंदीर!"

मग रांगच लागली. ज्यांना नवा उखाणा सुचेना त्यांनी आपल्या लग्नातला जुनाच म्हटला आणि शेवटी 'साखर कमी' जोडून दिलं. रस्त्यावरचे लोक दारात गोळा झाले. गावातल्या नवऱ्यांना त्या दुकानात पहिल्यांदा गोडी वाटली असेल तर ती त्या दिवशी. दुपारपर्यंत वहीची चार पानं भरली. ही जत्रा एकदाची संपावी म्हणून गिरधरभाऊंनी मागच्या खोलीतून, पंचांसाठी काढून ठेवलेल्या पोत्यातून, धनुबाईला पाच शेर जवारी बदलून दिली. स्वच्छ, मोत्यासारखी. गावाच्याच दुकानात ती इतके दिवस होती, हे बायांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

त्या पेजेवर सुपडू उठून बसला. नवल पाटील चारचौघांत म्हणत होते की बाईने भरल्या दुकानात नवऱ्याच्या नावाचा डांगोरा पिटला, आता सुपडू संक्रांत बघत नाही. सुपडूने संक्रांत बघितली, आणि नवल पाटलाच्याच घरी जाऊन तिळगूळ मागून खाल्ला.

कमिटी गप्प बसणारी नव्हती. पौषात पाटी बदलली: 'तक्रार सभासदाने स्वतः येऊन करावी. घरच्या माणसांची तक्रार घेतली जाणार नाही.' लाल वही गेली आणि हिरवी आली. लाल वही उंदरांनी खाल्ली, असं गिरधरभाऊ म्हणाले. तेलात सापडले ते उंदीर वही खाऊन मग मेले असावेत. त्यानंतर साहेबांच्या भेटीसाठी नवा अहवाल लिहायचा निघाला, आणि गिरधरभाऊ कागद घेऊन शाळेत आले. शाळेच्या खोलीचा विषय त्यांनी सहज काढला, जवारी कशी येते आहे तेही सहज विचारलं. निर्मलाबाईंनी पुन्हा तेच वाक्य लिहिलं. स्वतः पाटी वाचली होती, स्वतः 'सांगितलं' म्हटलं होतं, आणि तरीही लिहिलं. दोन्ही वेळा गावच्या सभेत गिरधरभाऊंनी तो कागद उंच धरून सगळ्यांना अक्षर दाखवलं होतं.

महिनाभर दिव्यापुढे मन ठरत नव्हतं ते यामुळे.

गोमाईचं पात्र आलं. पाणी घोट्याएवढं. धनुबाईने टोपली उतरवली, पाय पाण्यात ठेवले. टाचांना चिरा पडल्या होत्या. निर्मलाबाईंनी विचारलं, "सुपडूभाऊ कसे आहेत आता?"

"पंधरा दिन व्हयनात, परत तीच कुबट जवारी. परत कळा." तिने पाण्यात पाय घासले. "त्यास्ले सांगं, तुम्ही सभासद शेतस, तुम्ही जा, तुमना पोटना सवाल शे. म्हनतस, भाऊबंदसंगे वैर कसाले? मरनमाईन उठना, पन गिरधऱ्यासमोर उठाले होत नही."

"मग आता?"

धनुबाईने पदराची गाठ सोडली. आत पाच रुपये होते, सोसायटीच्या एका शेअरचे. तिने ते निर्मलाबाईंसमोर वाळूवर ठेवले.

"मी सभासद व्हसू. मन्हा नाववर. मन्हं नाव लेवाले माले कोनी बंदी नही करेल. गिरधऱ्या ईचारी, सभासदनं नाव? मी सांगसू, धनुबाई. लिख."

"अर्जात नवऱ्याच्या नावाची जागा असते, धनुबाई."

"ते तुम्ही लिखी द्या. लिखाले कोठे तोंड लागस?"

पलीकडच्या काठावर दमणी थांबली होती, नवल पाटील आणि गिरधरभाऊ झाडाखाली फराळ करत होते. धनुबाईने तिकडे एकदा पाहिलं, ओढ्यातल्या मेलेल्या माशाकडे पाहावं तसं, आणि मग निर्मलाबाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"एकच मांगनं शे, बाई. तुम्हीन ज्या अक्षरमा 'एकही तक्रार नाही' लिखं ना दोन येळा, तेच मोठं, चांगलं अक्षर लावा. मन्हा अर्ज त्याच अक्षरमा लिखा."