कॅमेऱ्यावरची टिकली

घाबरण्याच्या कामात माझ्या बाकावरच्या त्या कडावच्या मुलीचा हात धरेल असं माणूस मला अजून भेटलेलं नाही. ज्यांच्या घरात कोणी संगणकाला हात लावला नव्हता अशा आम्हा मुलींना कर्जतला सायबर सुरक्षेचं फुकट शिक्षण मिळत होतं. सहा महिने वर्ग, मग खालापूरच्या एका कंपनीत तीन महिने पगारी उमेदवारी, आणि काम पटलं तर नोकरी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "या धंद्यात घाबरट माणूसच टिकतो," आणि हिने ते फारच मनावर घेतलं. आल्याआल्या कपाळावरची टिकली काढून ती संगणकाच्या कॅमेऱ्यावर लावायची. पासवर्ड टाकताना कीबोर्डवर ओढणी पांघरायची, आणि मग स्वतःलाच काही दिसेना म्हणून तीनदा चुकायची. आईचा फोन आला तरी आधी "आपल्या म्हशीचं नाव सांग" म्हणायची. केक आणायचा म्हणून मी जन्मतारखेसाठी किती मागे लागले, पण छे. "त्यावरनं पासवर्ड वळखतात गं," एवढंच उत्तर.

मी हसायचे, पण तिची खरी भीती वेगळी होती. तिच्या बौद्धवाडीतून असं शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. "मी हात हलवत परत गेले तर वाडीतल्या मागच्या दोघींना कोन पाठवनार?" जेवताना ती एकदम म्हणायची, आणि घास तसाच हातात राहायचा.

कंपनीत आम्हा दोघींना काम मिळालं ते माणसं फसवायचं. कामगार किती सावध आहेत ते पाहायला त्यांना खोटा मेल पाठवायचा आणि त्यातली लिंक कोण दाबतो त्याची यादी साहेबांना द्यायची. मेल तिने लिहिला: तुमचं पीएफ खातं आज बंद होत आहे. भीतीचा एवढा दांडगा अभ्यास, वाचून मीच लिंक दाबायला निघाले होते. मेल जाणार होता स्टोअर खात्याला, आणि तिथे निवृत्तीला आलेले एक काका होते. पहिल्या दिवशी आम्हाला स्वतःची खुर्ची देणारे. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "काका दाबनार गं. साहेब त्यांना सगळ्यांसमोर बोलनार." मी तिला गप्प बसायला सांगितलं. ती गेली आणि काकांना सांगून आली. काकांनी अर्थातच सगळ्या स्टोअरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकानेही लिंक दाबली नाही. इतकं सावध खातं आपण पाहिलं नाही, असं साहेब कौतुकाने म्हणाले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ही उभी राहिली. ओढणीचं टोक मुठीत. "साहेब, मीच सांगितलं त्यांना." मलाही सगळं ठाऊक होतं, पण भीतीने मी खुर्चीतून उठले नाही. तीन महिने संपले तेव्हा नोकरीचं पत्र मला एकटीला आलं.

ती आता कडावच्या सेवा केंद्रात बसते आणि अंगठा लावायला आलेल्या आज्यांनाही चार प्रश्न विचारते म्हणे. तिला फोन करायचा धीर मला झालेला नाही.

परवा नव्या तुकडीला शिकवायला मी कर्जतला गेले. पुढच्या बाकावर दोन मुली, कपाळं मोकळी, दोन्ही कॅमेऱ्यांवर टिकल्या. कडावच्या का, म्हणून विचारलं.

"हा मॅडम. ताईनं घरी येऊन सांगितलं, कामात कमी पडले म्हनून नाय, खरं बोलले म्हनून ठेवलं नाय. मंग घरच्यांनी सोडलं."

मी फॉर्म भरायला घेतला आणि जन्मतारीख विचारली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "ती कशाला पायजे?"

मी फॉर्म बाजूला ठेवला. त्यांच्या ताईची तारीख मला अजून माहीत नाही. माहीत असती, तर निदान त्या निमित्ताने तिला फोन केला असता.