लिंबाखालच्या दोन कंपन्या

थेरगावात माझ्या हॉटेलातून अ‍ॅपवरच्या ऑर्डरींची पार्सलं घरोघरी नेणाऱ्यांत ती एकटीच बाई होती. नांदेडकडची, आवाज खणखणीत, हसली की चौकापर्यंत ऐकू जायचं. समोरच्या लिंबाच्या सावलीत गाडी कुणी लावायची, यावरून दुसऱ्या डिलिव्हरी कंपनीच्या पोरांशी तिचं रोजचं भांडण.

दोन्ही कंपन्यांच्या बड्या मालकांची बरेच महिने ओढाताण चालली होती. शेवटी तिच्या कंपनीनं त्या पोरांची कंपनी विकत घेतली. त्यांचं अ‍ॅप बंद झालं. पोरं तोंड पाडून बसली.

"आता सावली आपली!" तिचे सोबती म्हणाले.

"मालक इकला गेला रे, पोरं थोडीच इकली?" असं म्हणून ती थेट त्या पोरांत जाऊन बसली. स्वतःच्या ऑर्डरी सोडून दुपारभर एकेकाची नव्या अ‍ॅपवर नोंदणी करून दिली. पहिल्या ऑर्डरी येऊन सगळ्यांचे फोन वाजले. तिच्याशी सर्वांत जास्त भांडणाऱ्याचा तेवढा वाजेना. तो रडकुंडीला आला.

"दम धर की, भावा. मी हाय ना!"

संध्याकाळी त्याचाही फोन वाजला. तिनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की गल्ल्यावर बसलेला मी उठून टाळ्या वाजवायला लागलो.

"येतो, अक्का!" म्हणत त्यानं गाडी काढली.