हडळीची किंकाळी

इंग्रजी भयपटांचे मराठी संवाद लिहिणं हे माझं काम. या खेपेच्या चित्रपटात मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक पुराणातल्या बायका होत्या. बाळंतपणात मेलेल्या. त्या चौकात उतरून मुलं पळवतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला ‘हडळ’ हा एकच शब्द सुचला आणि मी तो लिहून टाकला.

आवाज द्यायला आलेल्या सुमनताईंनी पान वाचून चष्मा काढला.

“माझी थोरली बहीण अशीच बाळंतपणात गेली. हडळ होऊन परत येऊ नये म्हणून स्मशानापासून घरापर्यंत मोहरी टाकली होती. त्या लोकांत अशा बाईला काय मानायचे गं?”

मी वाचलं होतं. लोक त्यांना भीत, पण मान रणात पडलेल्या शिपायाचा देत. दुपारनंतर सूर्याला मावळतीपर्यंत त्याच पोचवत, असं समजत. मी हळू आवाजात सांगितलं.

“मग हडळ कुणी लिहिलं?”

“मी.”

परक्यांची मेलेली बाईसुद्धा आपण आपल्याच भीतीच्या मापाने बेततो. ते माप मुळात कुणाच्या अंगावरून घेतलेलं असतं, हे विचारत नाही.

 काचेपलीकडे जाऊन ताईंनी हेडफोन चढवले. किंकाळी पहिल्याच टेकला उत्तम आली. सगळ्यांनी वाहवा केली. ताई मात्र बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.