नाकारलेला वाटा

विनयाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली आणि ती योग्यच झाली. परंतु ज्या अवज्ञेवाचून एखादा दुबळा जीव तगत नाही, तिचे स्तोत्र कोणी रचले नाही. दुष्टाची आज्ञा मोडणे त्या मानाने सोपे. तिथे क्रोध साहाय्याला येतो. मायेने पुढे झालेला हात झिडकारावा आणि त्यापायी जन्मभर वाईट ठरायला सिद्ध असावे, ही तपश्चर्या निराळी. देवबागच्या गंगूच्या ठायी ती होती. शेजारी तिला आडमुठेपणा म्हणत.

गंगू ही लवूची दुसरी बायको. पहिली तापाने गेली, तेव्हा मागे हिरा नावाची लहानगी होती. हिराचे आजोबा, म्हणजे त्या गेलेल्या मुलीचे वडील दाजी, किनाऱ्यावरच्या रापणीचे, म्हणजे वाळूवरून ओढायच्या सामाईक जाळ्याचे, प्रमुख. लवू मालाच्या गलबतावर असे आणि महिनोन्महिने घरी येत नसे. तेव्हा घर म्हणजे गंगू, हिरा आणि सावत्र आईवर रोखलेले गावाचे डोळे.

१९५८च्या उन्हाळ्यात खाडीतल्या खडकांवर शिंपल्यांतली कालवे काढताना हिराचा पाय घसरला आणि कोयता उजव्या मनगटात उतरला. जखम भरून आली, पण बोटे आखडली ती तशीच राहिली. एके दिवशी चुलीवरच्या टोपाला हात टेकवून ती खुशाल गप्पा मारीत बसली होती. कातडी करपल्याचा वास गंगूला आला. हिराला काही कळलेच नव्हते. पावसाळा सरून आगबोटी सुरू होताच गंगू तिला घेऊन मुंबईला गेली.

तिथल्या इस्पितळात डॉक्टरांनी मनगटातली तुटलेली नस शोधून शिवली. प्लॅस्टर निघाल्यावर हाताला लाकडी साचा आणि चामड्याचे पट्टे बांधले. साच्यात मनगट आतल्या बाजूस वाकवून ठेवले होते आणि त्याखाली कापडाच्या घड्या होत्या.

"मनगट एकदम सरळ केलं तर शिवण उसवेल," डॉक्टर म्हणाले. "दर पंधरवड्याला एक घडी काढा. बोटं रोज हलक्या हाताने मिटायची, उघडायची. त्यांना चटका बसला तरी तिला कळणार नाही, तुम्ही बघायचं. आणि घाई करा म्हणून सगळे सांगतील. ऐकायचं नाही."

"त्याची काळजी नको," गंगू म्हणाली. "माका ऐकूची सवयच नाय."

अमावास्या-पौर्णिमेचे उधाण हेच तिचे पंचांग. समुद्र चढला की ती एक घडी काढी. पण गावाला दिसत होता तो वाकडा बांधलेला कोवळा हात. कोणी म्हणे, असाच वाकडा राहील. कोणी म्हणे, तेल लावून एकदा ओढून सरळ करा. गंगूने तेलाची वाटी आणणाऱ्यांना उंबऱ्यावरूनच परत धाडले.

तुळशीच्या लग्नाची पंगत दाजींच्या घरी होती. हिराने डावा हात पानात घातला, तशी ओळीत कुजबुज उठली.

"डाव्या हातान जेवता गो तुझा चेडू?" शेजारची सावित्री म्हणाली. "देवाचा अन्न ता."

गंगूने आपला उजवा हात पाठीमागे घेतला, डाव्या हाताने भात कालवला आणि घास तोंडात घातला. "माका पण आज डावोच गोड लागता," ती म्हणाली. वाढणारा क्षणभर थबकला; मग त्याने दोघींच्या पानांवर आमटी वाढली. त्या दिवसापासून साचा सुटेपर्यंत गंगू डाव्या हातानेच जेवली.

खरी कसोटी मात्र किनाऱ्यावर लागली. रापणीचे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन टोके दोन रांगा धरून वाळूवर ओढतात. तिथला धर्म असा, की ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीचा वाटा मिळालाच पाहिजे. विधवेलाही मिळतो, वाटसरूलाही मिळतो. दाजींच्या मनात आले, आपल्या नातीलाच तेवढा का नाही? शिवाय दोरी ओढूनच हातात जीव येतो, अशी त्यांची आयुष्यभराची श्रद्धा.

"ये गो बाय," ते हिराला म्हणाले. "हात नुसतो लाय. वाटो तुझो." आणि त्यांनी आपल्या हातांनी साच्याचे पट्टे सोडून तिला रांगेत उभे केले.

विकायची मासळी न्यायला टोपली घेऊन येणाऱ्या गंगूने ते दुरून पाहिले. टोपली वाळूत टाकून ती धावली, हिराला कमरेला धरून तिने रांगेतून उचलले. मागच्या गड्यांचा पाय चुकला, दोरी ढिली पडली, जाळ्याचा एक काठ खाली बसला आणि त्यावरून मासळी चमचमत निसटली.

"गंगू, शुद्धीवर आसस मां?" दाजी गरजले. "सगळ्यांची मासळी घालवलंस."

"मासळी उद्या येतली. हात येवचो नाय."

"माझी नात ती. माझ्या चेडवाचा चेडू."

"नात तुमची, दाजी. हात माझ्या ताब्यात दिल्लो आसा."

सावित्रीने तोंडाला पदर लावला. "सावत्र ती सावत्र. पोराक एक बांगडो गावता, तो पण बघवणा नाय."

"बांगडो तू खा," गंगू पट्टे आवळीत म्हणाली. "काटो तेवढो सांभाळ."

दाजींनी तिथल्या तिथे निकाल दिला: ह्या रापणीची मासळी गंगूच्या टोपलीत पडायची नाही. दुसऱ्या दिवसापासून ती होडीने खाडीपलीकडे जाऊन मासळी घेऊ लागली आणि दुप्पट वाट तुडवून मालवणचा बाजार गाठू लागली. निकाल दिला त्याच संध्याकाळी दाजींनी नातीसाठी पानात गुंडाळून बांगडे पाठवले. गंगूने ते परत केले. "हात बरो झालो की ती ओढूक येयत, तेव्हा द्या."

महाशिवरात्रीला ती हिराला घेऊन कुणकेश्वरला गेली. शेवटची घडी निघाली होती, मनगट सरळ होते, तरी बोटे बधिरच होती. बरोबरीच्या बायका नवस बोलत होत्या. गंगू पिंडीपुढे उभी राहून म्हणाली, "माझा काम मी करतंय. तुझा तू कर."

चैत्रातल्या एका सकाळी तिने पेजेची वाटी हिरापुढे ठेवली आणि ती चुलीकडे वळली. हिराचा उजवा हात नकळत वाटीला लागला आणि झटक्याने मागे आला.

"आये, भाजला गो."

गंगू जागची हलली नाही. "खंय भाजला?"

"हय. बोटाक."

"परत लाय बघू."

"तू लाय तुझा," हिरा फुरंगटून म्हणाली. त्यावर गंगू जमिनीवर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

ही वार्ता दाजींच्या कानी गेली. दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी किनाऱ्यावरून चालल्या असता रापण ओढली जात होती. दाजी रांग सोडून पुढे आले. हिराचा हात त्यांनी धरला नाही. ते गंगूशी बोलले.

"दोरयेक लावया?"

"अजून नाय, दाजी."

सारे गडी ऐकत होते. दाजींनी मान खाली घातली. "बरां," ते म्हणाले. "तू सांगशीत तेव्हा." आणि त्यांनी स्वतः मासळी उचलून गंगूच्या टोपलीत घातली.

पुढच्या हंगामात, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रापणीला, गंगूने हिराला पाठीवर थाप मारून रांगेत उभे केले. "धर," ती म्हणाली. हिराने दोरी धरली आणि त्या दिवशी तिचा वाटा घरी आला.

गंगूला जाऊन आता बरीच वर्षे झाली. हिराची करंगळी अजून पुरती मिटत नाही. बाकीच्या बोटांनी ती मासळी कापते. त्या रापणीत लहान मुलाला दोरीला लावण्यापूर्वी त्याच्या आईला विचारतात.