सरांनी रस्ता ओलांडला

"रिसर्च केलाय मी," असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे, आणि मग समोरच्याने निमूट ऐकायचं, असा आमच्या कार्डिफमधला रिवाज होता. असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असेल. टोस्टर घ्यायचा असो की गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असो, विचारलं नाही तरी तो सांगतोच.

सर आमच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते, मी तिथलीच फार्मासिस्ट. थिएटरमध्ये ते पेशंटचा हात हातात घेऊन "काही होणार नाही, मी आहे ना," म्हणायचे आणि पेशंट गुंगीत जाईपर्यंत तो सोडायचे नाहीत. बाहेर मात्र हेच सर रिकाम्या रस्त्यावरही क्रॉसिंगचं बटण दाबून, सिग्नलवर हिरवा माणूस दिसेपर्यंत पावसात भिजत उभे राहायचे. "रूल्स आर रूल्स."

ते रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मुलगी नोकरीसाठी ब्रिस्टलला. इथल्या मराठी मंडळाच्या बायका डबे पोचवत राहिल्या, आणि डब्यांबरोबर सल्लेही. मंडळाच्या अशाच एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सरांनी जाहीर केलं, "मी व्हिएतनामला चाललोय. सोलो."

ज्यांचा प्रवास स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या स्विमिंग पूलपलीकडे कधी गेला नव्हता, ते सगळे ताबडतोब आग्नेय आशियावर बोलू लागले. एकाने पाण्याची भीती घातली, दुसऱ्याने सापांची. "अहो, पण व्हेजिटेरियन माणूस तिथे खाणार काय?" म्हणत एका वहिनींनी चिवड्याची जबाबदारी स्वतःकडे घेऊनही टाकली. सर शांत होते. रिसर्च झालेला होता.

परत आल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण झालं. 'हो ची मिन्ह सिटी: एक अनुभव.' म्युझियम, पोस्ट ऑफिस, पुन्हा म्युझियम, अशा स्लाइडमागून स्लाइड. "पहिल्याच दिवशी लोकल लोकांत मिसळून जायचं," सर म्हणाले. "टूरिस्ट व्हायचं नाही." टाळ्या झाल्या. किचनमधून समोशांचा वास येऊ लागल्यामुळे जरा लवकरच झाल्या.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या रचत होते. प्रोजेक्टरची वायर गुंडाळता गुंडाळता सर म्हणाले, "पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. बस, एवढंच."

"कोणत्या रस्त्याच्या?"

"हॉटेलसमोरच्या. पलीकडे व्हेज नूडल्सचं दुकान, शोधून ठेवलेलं. मध्ये स्कूटर. थांबतच नाहीत गं. बटण नाही, सिग्नल नाही. हळू चालायचं, थांबायचं नाही, ते लोक आपल्याला चुकवतात, हे सगळं वाचलं होतं. पाठ होतं. पण पाय उचलेना."

मग सरांनी टॅक्सी केली. रस्ता ओलांडायला! सगळीकडे वन-वे असल्याने टॅक्सीने त्यांना बरंच शहर दाखवलं आणि शेवटी पुन्हा हॉटेलच्याच दारात आणून सोडलं. दरवानाने वाकून "वेलकम टु व्हिएतनाम" म्हणत त्यांचं दुसऱ्यांदा स्वागत केलं.

मी हसले. सरही हसले.

"तेवढ्यात मुलीचा फोन आला. ऑल गुड, बाबा? म्हटलं, सगळं प्लॅनप्रमाणे. आणि फोन ठेवला, तर मला रडूच आलं. भर रस्त्यात. या वयात."

कोपऱ्यावर एक म्हातारी फणसाचे गरे विकत बसली होती. ती उठली, हात शर्टाला पुसले, सरांचं मनगट धरलं आणि सरळ त्या गर्दीत शिरली.

"सारखी काहीतरी बोलत होती. एक अक्षर कळलं नाही. पण मी पेशंटशी जे बोलायचो, तेच असणार."

स्कूटर दोन्ही अंगांनी निघून जात राहिल्या, कोणाचा धक्काही लागला नाही. पलीकडे पोचल्यावर तिने मनगट सोडलं आणि ती आपल्या गऱ्यांकडे परत गेली. तिला पलीकडे जायचंच नव्हतं.

"मग परत कसे आलात?"

"जेवलो, कडेला येऊन उभा राहिलो आणि हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. आली न्यायला. या वेळी जरा ओरडली."

"सर, हे भाषणात का नाही सांगितलंत?"

सरांनी वायरीला नीट गाठ मारली. "ते सगळ्यांचं नाही," म्हणाले.

या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. क्रेमेटोरियमहून आम्ही त्याच हॉलमध्ये जमलो. सरांनी कोणाला कोणता डिशवॉशर घ्यायला लावला होता, हे मंडळी दबक्या आवाजात आठवत होती. मुलगी गार झालेला चहा हातात धरून माझ्याजवळ आली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी अडखळतं.

"मावशी, आई गेली, मग बाबा तिकडे एकटा गेला. मी वर्कमुळे नाही गेली. तो खूप लोनली होता का तिकडे? तुला काही बोलला?"

"एकटे कुठे होते?" मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी एका बाईचा हात धरून फिरत होते."

तिच्या कपातला चहा हिंदकळला. रडता रडता तिला हसू फुटलं.

"बाबा?" ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "कोण बाई?"

आसपासच्या सगळ्या बशा हवेत थांबल्या. मी तिच्यासाठी एक खुर्ची ओढली, आणि आवाज बराच खाली आणून सांगायला लागले.